कर्जदाराचा संगणक बंद पडला तर हप्ता कुठून येईल? नव्या कर्ज अधिकाऱ्यांसाठी

कर्ज विभागात नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या टिपणाची गोष्ट सांगतो. खोके बनवणाऱ्या एका कारखान्याचे खेळत्या भांडवलाचे प्रकरण होते. अकरा पानांचे टिपण मी मन लावून लिहिले होते. प्रवर्तकांची पार्श्वभूमी, तारण, गुणोत्तरे, बाजारपेठ, सगळे त्यात होते. दीड वर्षाने, दिवाळीच्या तोंडावर, त्या कारखान्याच्या संगणकात रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) शिरले. बॅकअप होता, पण तो ज्या हार्ड डिस्कवर घेतला जाई ती कायम त्याच संगणकाला जोडलेली असे. त्यामुळे मूळ हिशेब आणि त्याची नक्कल दोन्ही एकाच रात्रीत गेले. मालक तिसऱ्या दिवशी शाखेत आले आणि म्हणाले, "साहेब, कोणाकडून किती यायचेत तेच मला सांगता येत नाही." मशिनरी धडधाकट होती, ऑर्डरी होत्या, तरी खाते पुढच्या काही महिन्यांत एसएमए-२ पर्यंत, म्हणजे साठ दिवसांहून जास्त थकलेल्या वर्गापर्यंत घसरले. नंतर मी माझे टिपण पुन्हा उघडले. 'संगणक' हा शब्द त्यात एकदाच आला होता, फर्निचर आणि फिटिंग्जच्या घसाऱ्यात.

तेव्हापासून प्रत्येक प्रकरणात मी दोन आकडे काढतो. संगणक गेला तर धंदा किती दिवस बंद राहील, हा पहिला. आणि बंद राहिल्यावर कर्जदार किती दिवस तग धरेल, हा दुसरा. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला तर तारण कितीही भक्कम असो, हप्ता अडकणार. हे दोन आकडे कसे काढायचे, ते आता क्रमाने सांगतो.

हा विचार काही नवा नाही. वाय-टू-केच्या वेळी, म्हणजे सन २००० उजाडताच संगणक तारखा चुकतील अशी भीती होती तेव्हा, अमेरिकेतील बँक नियामकांच्या एफएफआयईसी या समितीने मार्च १९९८ मध्ये बँकांना सांगितले होते की स्वतःचे संगणक तपासणे पुरेसे नाही, मोठ्या कर्जदारांचेही तपासा. ३० जून १९९८ पर्यंत तपासणीची पद्धत बसवायची आणि ३० सप्टेंबरपर्यंत बहुतेक कर्जदारांचा अंदाज हाती घ्यायचा, अशा मुदती होत्या. ते संकट ठरलेल्या तारखेला येणार होते. आताचे तारीख सांगून येत नाही, एवढाच फरक.

पहिली पायरी: बिघाडातून थकबाकी कशी होते ते समजून घ्या

संगणक बंद पडला म्हणून कोणी लगेच हप्ता चुकवत नाही. मधे एक साखळी असते. सहज दिसणारी वाट अशी: बिल निघत नाही, म्हणून माल दारातून बाहेर जात नाही. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे, त्यामुळे "सध्या हाताने बिल फाडू" ही जुनी सोय त्यांना उरलेली नाही.

दुसरी वाट आपल्याच बँकेतून जाते आणि नव्या अधिकाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या खात्यातून किती उचलता येईल ती मर्यादा, कर्जदाराने दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर चालते. स्टॉक आणि येण्यांचा हिशेबच उडाला तर स्टेटमेंट येणार कुठून? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेल्या ड्रॉइंग पॉवरच्या आधारे दिलेली उचल अनियमित धरली जाते आणि अशी उचल सलग ९० दिवस चालली तर खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. म्हणजे कारखाना सुरू असूनही केवळ कागद न आल्याने खाते बुडीत वर्गात जाऊ शकते.

तिसरी वाट सर्वांत वाईट. ब्रिटनमधील केएनपी ही मालवाहतूक कंपनी घ्या. दीडशे वर्षांहून जुनी, पाचशेच्या आसपास ट्रक. २०२३ मध्ये तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. सुमारे ७०० लोकांची नोकरी गेली. ट्रक जागेवरच होते. पण आर्थिक माहितीच हाताशी नसल्याने नवे भांडवल उभे करणे अवघड झाले, हे त्या कंपनीच्या पडण्याचे एक कारण होते. आपण कर्ज देणारे आहोत, म्हणून यातला अर्थ आपल्याला नीट कळायला हवा. संकटात माणूस बँकेकडे येतो आणि त्याच वेळी बँकेला दाखवायला त्याच्याकडे आकडे नसतात.

दुसरी पायरी: काय कशावर चालते, याची यादी पाहणीच्या वेळीच करा

ही यादी टेबलावर बसून होत नाही. मालकाला विचारलेत तर ते म्हणतील, "आमचं काय, एक टॅली आहे फक्त." शेडमध्ये फिरा.

भोसरी, चाकण, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये गेलात तर संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी मशीनजवळ थांबा. तिच्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर जपणारी एक छोटी बॅटरी असते. ती संपली आणि मशीन बंद असेल तर पॅरामीटर पुसले जातात. मग दीड कोटीचे मशीन नुसते लोखंड होऊन उभे राहते आणि ते पुन्हा उभे करायला कंपनीचा माणूस यावा लागतो. ऑपरेटरला सरळ विचारा, "बॅटरी शेवटची कधी बदलली?" जाणकार ऑपरेटर तारीख सांगतो, आणि मशीन चालू ठेवूनच बदलली हेही सांगतो. नंतर विचारा की पॅरामीटर आणि प्रोग्रामची नक्कल कार्डवर घेतली आहे का आणि ते कार्ड कुठे आहे. मी एकदा हे विचारले तेव्हा ऑपरेटरने शेजारचा ड्रॉवर उघडला, ड्रिल बिटांच्या डब्यातून एक कार्ड काढले आणि पुसून माझ्या हातावर ठेवले. त्यावर मार्करने तारीख लिहिलेली होती. त्या युनिटबद्दल माझे निम्मे मत तिथेच झाले.

इतर धंद्यांत पाहायच्या जागा वेगळ्या. दूध संकलन केंद्रात फॅट मोजणारे यंत्र आणि वजनकाटा संगणकाला जोडलेले असतात. तो बंद पडला तर दूध थांबत नाही, शेतकरी सकाळी सहाला रांगेत असतोच. मग हाताने नोंद करायची वही तयार आहे का? साखर कारखान्यात वजनकाट्याच्या नोंदीवर ऊस उत्पादकाचे बिल अवलंबून असते आणि ते चौदा दिवसांत देण्याचे कायद्याने बंधन आहे. शीतगृहात तापमानाचा कंट्रोलर. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे बॅच आणि मुदतीची नोंद. किराणा दुकानदाराचे दहा लाखांचे कर्ज असेल तर एवढे खोदू नका, पाच मिनिटे पुरतात. त्याची उधारी त्याला तोंडपाठ असते.

प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहा: हे नसेल तर काम हाताने चालते का, आणि किती दिवस?

तिसरी पायरी: बॅकअप आहे का विचारू नका, उघडून दाखवा म्हणा

"बॅकअप घेता का?" या प्रश्नाला मला आजवर "नाही" असे उत्तर मिळालेले नाही. म्हणून मी तो विचारणे सोडले. आता अकाउंटंटला विनंती करतो की मागच्या आठवड्याचा बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि मला अमुक पार्टीची शनिवारची बाकी सांगा. वेगळ्या फोल्डरचा आग्रह धरा, कारण घाईत जुना बॅकअप चालू हिशेबावरच उतरवला तर आजवरच्या नोंदी पुसल्या जातात आणि त्याला कारण तुम्ही ठराल.

बाकी दहा मिनिटांत निघाली तर उत्तम. अकाउंटंट "ते आमचा कॉम्प्युटरवाला करतो" म्हणाला तर त्या कॉम्प्युटरवाल्याला तिथूनच फोन लावायला सांगा. तो किती वेळात येतो, त्याच्यासारखे आणखी कोणी आहे का, पासवर्ड फक्त त्याच्याकडेच आहे का, हे लिहून घ्या.

यात मुख्य गोष्ट एकच बघायची: एक तरी नक्कल मूळ संगणकापासून तोडलेली आहे का? २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या या घातक व्हायरसच्या हल्ल्यात मर्स्क या जगातल्या अवाढव्य जहाज कंपनीचे जवळजवळ सगळे मुख्य सर्व्हर एकमेकांना जोडलेले असल्याने एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण नेमकी तिथे वीज गेलेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्याच्या आधाराने त्यांनी दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितले गेले. आपल्या जेएनपीटी बंदरातल्या, त्याच समूहाच्या टर्मिनललाही तेव्हा फटका बसला. ज्यांचे कंटेनर तिथे अडकले त्या निर्यातदारांचे स्वतःचे संगणक ठणठणीत होते, पण बिलाचा पैसा लांबला.

कंपनी असलेल्या कर्जदारांच्या बाबतीत कायदाच तुमच्या मदतीला आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे आणि केलेले बदल पुसता न येणारी नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे आहे. ऑडिटरच्या अहवालात याबद्दल शेरा असतो. बहुतेक अधिकारी ते पान उलटून पुढे जातात. तुम्ही थांबून वाचा.

आणखी एक छोटी चौकशी. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर सॉफ्टवेअरशिवाय थेट लॉगिन करून बिल काढणारे युनिटमध्ये कोणी आहे का? आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? तो सीएच्या ऑफिसातल्या, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर जात असल्याचे मी पाहिले आहे.

चौथी पायरी: दिवस मोजा

आता आकडे. एक काल्पनिक युनिट घेऊ. वर्षाची विक्री ६ कोटी, म्हणजे महिन्याला ५० लाख, पंचवीस कामाचे दिवस धरले तर रोज २ लाख. विक्रीच्या ६० टक्के कच्चा माल. उरलेले महिन्याचे २० लाख पगार, भाडे, विजेचा स्थिर आकार, हप्ता, व्याज, कर आणि मालकाचा घरखर्च यांत जातात. धंदा बंद असला तरी हा खर्च थांबत नाही. म्हणजे बंद पडलेला प्रत्येक कामाचा दिवस ८० हजारांना पडतो.

तग धरायला काय आहे? कॅश क्रेडिटमध्ये ड्रॉइंग पॉवरच्या आत ८ लाख शिल्लक आणि मोकळी मुदत ठेव ४ लाख. एकूण १२ लाख. त्यातून दुरुस्ती, नवा सर्व्हर आणि तज्ज्ञाची फी यांसाठी २ लाख बाजूला काढा. उरले १० लाख. भागिले ८० हजार: साडेबारा दिवस. हा तुमचा दुसरा आकडा.

पहिला आकडा तिसऱ्या पायरीतून येतो. बॅकअप उघडला, बिल थेट पोर्टलवरून काढता येते, तर दोन-तीन दिवस. बॅकअप नाही आणि कॉम्प्युटरवाला एकच, तर मी पंधरा दिवसांच्या खाली कधी धरत नाही. पंधरा विरुद्ध साडेबारा. हे खाते एका वाईट पंधरवड्यात सीमेबाहेर जाते.

इथे एक मोठा चकवा आहे. या युनिटची उधारी साठ दिवसांची असेल तर बंद काळात जुन्या बिलांचे पैसे येतच राहतात. खाते नेहमीसारखे फिरताना दिसते. तुम्ही निर्धास्त होता. खरा खड्डा दोन महिन्यांनी पडतो, जी बिले निघालीच नाहीत त्यांचे पैसे येण्याची वेळ होते तेव्हा. तोवर बिघाड सगळे विसरलेले असतात आणि शाखेत चर्चा होते ती "अचानक का बिघडलं?" याची. म्हणून बिघाडाची तारीख कळली की उधारीचे दिवस त्यात मिळवा आणि ती तारीख डायरीत लिहून ठेवा.

ड्रॉइंग पॉवरचा भरवसाही जपूनच धरा. त्या ८ लाखांची शिल्लक येण्यांवर उभी आहे आणि बिले थांबली की येणी घटतात. मुदत ठेव तशी घटत नाही. दोन कर्जदारांकडे सारखेच १२ लाख असतील, तर ज्याच्याकडे ठेवीचा भाग मोठा त्याला मी वरचा मानतो.

पाचवी पायरी: गिऱ्हाईक आणि पुरवठादार यांचाही संगणक मोजा

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला. टाटा समूहाच्या मालकीची ही मोटार कंपनी. सप्टेंबरभर ब्रिटनमधले उत्पादन थांबले आणि ऑक्टोबरमध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाले. कंपनी मोठी होती, तिच्यासाठी ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. सर्वांत जास्त हाल झाले ते छोट्या पुरवठादारांचे. त्यांचे संगणक चालू होते, माल तयार होता, घेणारा बंद होता.

म्हणून विक्रीची यादी मागवा आणि वरच्या एका गिऱ्हाइकाकडे किती टक्के जाते ते बघा. चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर त्या गिऱ्हाइकाचे एक महिन्याचे बंद धरून चौथ्या पायरीचे गणित पुन्हा करा. पुरवठा करारात दंडाचे कलम आहे का तेही वाचा. लाइन थांबली तर गिऱ्हाईक डेबिट नोट पाठवते आणि ती थेट येण्यांतून वजा होते.

आपण स्वतःही या साखळीत आहोत, हे विसरू नका. ३१ जुलै २०२४ रोजी छोट्या बँकांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा देशाचे पेमेंट जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट जाळ्यातून तात्पुरते वेगळे केले आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. पगाराच्या दिवशी असे झाले तर कर्जदाराकडे दुसऱ्या बँकेत एक चालू खाते आहे का? असावे. आपला धंदा थोडा बाहेर गेला तरी चालेल.

सहावी पायरी: विमा वाचा

मालक म्हणतात, "सगळ्याचा विमा आहे." आगीच्या पॉलिसीला जोडलेले, बुडालेल्या नफ्याचे संरक्षण मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झाले तरच लागू होते. व्हायरसने इमारत जळत नाही. सायबर पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. ती असेल तर बंद पडल्यापासून किती तासांनी भरपाई सुरू होते आणि बॅकअप ठेवण्याची कोणती अट आहे, एवढे दोन मुद्दे टिपणात घ्या. अट पाळलेली नसेल तर त्या पॉलिसीचा आधार धरू नका.

सातवी पायरी: टिपणात लिहा आणि मंजुरी पत्रात आणा

मी लांब परिच्छेद लिहीत नाही. "बंद: १५ दिवस. तग: १२ दिवस. कारण: बॅकअप जोडलेल्या डिस्कवर, तंत्रज्ञ एकच." एवढे पुरते. मंजुरी समितीतल्या वडीलधाऱ्या संचालकांना सर्व्हर समजत नसेल, दिवस समजतात.

नकार देण्यासाठी हे गणित वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बहुतेक वेळा काही हजार रुपयांत पहिला आकडा पंधरावरून तीनवर येतो. दोन बाह्य डिस्क, आळीपाळीने वापरायच्या, एक मालकाच्या घरी. मंजुरी पत्रात अट घाला की महिन्यातून एकदा बॅकअप उघडून पाहायचा आणि स्टॉक स्टेटमेंटच्या खाली तारखेसह एक ओळ लिहायची. मोठ्या कर्जदाराला सायबर विमा आणि तीन महिन्यांच्या हप्त्याएवढी ठेव सांगता येते. छोट्याला डिस्कपुरतेच सांगा आणि पुढच्या पाहणीत ती डिस्क बघायला मागा.

आठवी पायरी: फोन आला की

एक दिवस फोन येईलच. "साहेब, कॉम्प्युटर सगळे लॉक झालेत." तेव्हा पहिला प्रश्न वसुलीचा विचारू नका. संगणक जाळ्यातून तोडायला सांगा आणि बॅकअपची डिस्क घाईने जोडू नका म्हणा. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवण्याचा निर्देश २८ एप्रिल २०२२ चा आहे, त्याची आठवण द्या. नेट बँकिंगचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून लगेच बदलून घ्या आणि खात्यावर लक्ष ठेवा. गोंधळात पुरवठादाराच्या नावाने "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" असे मेल येतात आणि लोक पैसे पाठवून बसतात.

नंतर येण्यांची यादी पुन्हा बांधायला बसा, शक्य असेल तर त्यांच्याबरोबर. विक्री जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ विवरणपत्रातून निघते, खरेदी तिथल्याच जीएसटीआर-२बी मधून, जमा-नावे आपल्या खात्याच्या उताऱ्यावरून, आणि वर्षारंभीच्या बाक्या सीएकडच्या ताळेबंदातून. माझ्या त्या खोकेवाल्या कर्जदाराबरोबर मी हे केले नाही. तेव्हा मला सुचलेच नाही. मालक एकेका पार्टीला फोन करून "तुमच्याकडे आमचे किती निघतात?" असे विचारत बसले आणि ज्याने जो आकडा सांगितला तो मान्य करत गेले.

तात्पुरती वाढीव मर्यादा द्यायची असेल तर ती याच पुन्हा बांधलेल्या यादीवर द्या. आणि नवी यंत्रणा सुरू झाल्यावर जे पहिले स्टॉक स्टेटमेंट येईल ते फाइलला लावण्याआधी गोदामात जा. स्टेटमेंटमधल्या पाच मोठ्या नोंदी निवडा आणि माल हाताने मोजा.